गर्भाशय-अंडाशयाच्या कॅन्सरवर उपचार सुरू करण्याआधी स्लाइड-ब्लॉकचा रिव्ह्यू कसा करून घ्यायचा

लॅबच्या खिडकीशी नातेवाईक येतात आणि मोबाइल पुढे करतात. स्क्रीनवर बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो असतो. "ताई, पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला होता. त्यांनी बघितला, हेच आहे म्हणाले. म्हंजे सेकंड ओपिनियन झालंच की."

झालेलं नसतं. पुण्याच्या डॉक्टरांनी कागद वाचला. कागदावरचं निदान चुकलेलं असेल, तर तो वाचणाऱ्या दहाव्या डॉक्टरांनाही तीच चूक दिसणार. पॅथॉलॉजी रिव्ह्यू म्हणजे तुकड्याच्या मूळ काचा आणि मेणाचे ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेऊन, त्यांनी मायक्रोस्कोपखाली नव्याने पाहून, स्वतःच्या सहीने वेगळा रिपोर्ट देणं.

मी कोल्हापुरात हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ब्लॉक कापणं, काचा रंगवणं आणि लोकांना त्या मोजून देणं हे माझं रोजचं काम. निदान करणं किंवा उपचार सुचवणं माझं काम नाही, म्हणून त्याबद्दल इथे जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून वाचा. काचा, ब्लॉक आणि कागद यांच्या बाबतीत लोक कुठे चुकतात ते मात्र मी रोज बघते. बहुतेक चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात: आधी मुंबईची गाडी पकडतात, मग ब्लॉक राहिल्याचं कळतं. किंवा आधी केमोची पहिली सायकल घेतात आणि मग शंका येते.

रिव्ह्यूमध्ये बहुतेक वेळा पहिलंच निदान कायम राहतं. थोड्या केसेसमध्ये ते बदलतं, आणि त्यातल्याही काहींमध्ये पूर्ण उपचारच बदलतो. तुमच्या घरची बाई त्या थोड्यांतली आहे की नाही, हे काचा पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा १: थांबायला वेळ आहे का, ते आधी विचारा

गर्भाशयमुख, गर्भाशयाचं अस्तर किंवा अंडाशय यांच्या बहुतेक कॅन्सरमध्ये एक-दोन आठवडे रिव्ह्यूसाठी देता येतात. पण हे घरी बसून ठरवायचं नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: "आम्हाला स्लाइड रिव्ह्यू करून घ्यायचा आहे. जास्तीत जास्त कुठल्या तारखेपर्यंत थांबलं तर चालेल?" ती तारीख केसपेपरवर लिहून घ्या. ऑपरेशन झालं असेल तर हे आणखी महत्त्वाचं आहे, कारण अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरची केमो फार लांबवत नाहीत. साधारण सहा आठवड्यांच्या आत ती सुरू व्हावी, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो.

उपचाराची तारीख रद्द करू नका, ती धरून ठेवा. रेडिएशनच्या मशीनवरचा किंवा ऑपरेशन थिएटरचा नंबर एकदा गेला की पुन्हा महिनाभराने मिळतो, असं कितीतरी जणांच्या वाट्याला आलंय.

सावधान, इथे थांबायचं नाही: अंगावरून धो-धो रक्त जात असेल, लघवी बंद झाली असेल किंवा किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन वाढत असेल, पोट फुगून उलट्या आणि संडास बंद असेल, गाठीला पीळ पडून पोटात असह्य कळ येत असेल. अशा वेळी आधी उपचार. द्राक्षगर्भानंतर बीटा-एचसीजी (गर्भारपणात रक्तात वाढणारा हार्मोन) वाढत राहिलं तर तिथेही तुकड्याची वाट बघत नाहीत, रक्ताच्या त्या आकड्यांवरच केमो सुरू करतात. काचा कुठे जात नाहीत, रिव्ह्यू मागाहूनही करता येतो.

## टप्पा २: पहिला रिपोर्ट समोर घेऊन बसा

लोक रिपोर्टची शेवटची ओळ वाचतात आणि घडी घालून ठेवतात. तुम्ही वरून सुरुवात करा.

सगळ्यात आधी नाव. आमच्याकडे हा घोळ रोजचा आहे. आधार कार्डवर सासरचं नाव, केसपेपरवर माहेरचं, आणि तुकडा ज्या बरणीतून आला तिच्यावर घरचं नाव. कुठे "सुनीता", कुठे "सुनिता", कुठे आडनाव "पाटील" आणि कुठे गावावरून पडलेलं. मोठ्या हॉस्पिटलात नाव जुळलं नाही तर तुमच्या काचा बाजूला ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या बाईचा कॅन्सर तुमच्या नावावर लागू नये म्हणूनच ते असतं. निघण्याआधी लॅबकडून नावाच्या दुरुस्तीचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या.

मग लॅबचा नमुना क्रमांक पाहा. पुढे प्रत्येक काचेवर आणि ब्लॉकवर हाच क्रमांक शोधायचा आहे.

त्यानंतर येतो तो परिच्छेद, जो कुणीच वाचत नाही: ग्रॉस. नमुना नुसत्या डोळ्यांनी कसा दिसला, केवढा होता, त्यातून किती तुकडे घेतले, हे त्यात लिहिलेलं असतं. गर्भपिशवी पूर्ण काढली असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. पिशवी पेरूएवढी, आणि गर्भाशयमुखातून एकच तुकडा घेतलाय असं लिहिलं असेल, तर रोग नेमका किती खोल गेलाय हे सांगायला ते फार कमी आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट वारंवार घडते. अंगावर पांढरं जातं किंवा रक्त जातं म्हणून पॅप टेस्ट आणि तुकड्याची तपासणी न करताच पिशवी काढून टाकतात, आणि नंतर रिपोर्टमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघतो. अशा बाईच्या पुढच्या उपचाराचा सगळा निर्णय त्या काढलेल्या पिशवीच्या तपासणीवर उभा असतो. म्हणून रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी लॅबला फोन करा आणि म्हणा: "उरलेला नमुना टाकू नका, त्यातून आणखी तुकडे घ्यावे लागतील." फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) ठेवलेला उरलेला भाग लॅब काही आठवडेच सांभाळते, नंतर नियमाप्रमाणे नष्ट करते. ब्लॉक पुढे बराच काळ टिकतात, बरणीतला नमुना टिकत नाही.

पिशवी काढली पण तपासायला पाठवलीच नाही, असं सांगणाऱ्या बायकाही खिडकीशी येतात. तिथे माझ्याकडे द्यायला काहीच नसतं. घरात कुणाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर आधीच विचारा: नमुना कुठल्या लॅबला जाणार आहे आणि रिपोर्ट कधी मिळेल.

## टप्पा ३: लॅबकडे लेखी मागणी करा

तोंडी मागितलं तर "उद्या या" होतं. साधा अर्ज पुरतो:

"मी, (रुग्णाचं पूर्ण नाव), माझा नमुना आपल्या लॅबमध्ये (तारीख) रोजी क्रमांक (...) खाली तपासला आहे. दुसऱ्या तज्ज्ञांच्या मतासाठी या नमुन्याच्या सर्व स्लाइड, सर्व ब्लॉक आणि रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत मिळावी. माझ्या वतीने (नातेवाइकाचं नाव व नातं) यांच्याकडे द्यावी."

खाली रुग्णाची सही किंवा अंगठा, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. भांडायला म्हणून हे सांगत नाही. अर्ज वेळेत गेला की लॅबलाही कपाटातून ब्लॉक शोधायला वेळ मिळतो. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात जुना ब्लॉक काढायला एक-दोन दिवस लागू शकतात, तेवढे हिशोबात धरा.

"पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल" म्हणून काही घरं हे लपूनछपून करतात. तसं करू नका. रिव्ह्यूसाठी काचा मागणं हे आमच्या कामात रोजचं आहे. कित्येकदा पहिले पॅथॉलॉजिस्ट स्वतःच रिपोर्टमध्ये "तज्ज्ञांचं मत घ्यावं" असं लिहितात. त्यांच्याशी बोललात तर आपल्याला नेमकी शंका कुठे होती, हेही ते सांगतात, आणि ते पुढच्या तज्ज्ञाला फार उपयोगी पडतं.

## टप्पा ४: खिडकीवरच मोजून घ्या

हा टप्पा घाईत उरकू नका.

काच म्हणजे स्लाइड. तिच्यावर गुलाबी-जांभळा रंग दिलेला, केसापेक्षाही पातळ काप असतो. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटवर बसवलेला मेणाचा ठोकळा, आणि त्या मेणात तुमच्या बाईचा खरा तुकडा. काच फुटली तर ब्लॉकमधून नवी काढता येते. ब्लॉक हरवला तर संपलं.

कॅसेटच्या कडेला नमुना क्रमांक आणि पुढे ए-१, ए-२, बी-१ असं लिहिलेलं असतं. बऱ्याच लॅबमध्ये ते पेन्सिलने असतं, कारण पेनाची शाई झायलीनमध्ये (लॅबमध्ये वापरायच्या एका द्रवात) धुऊन जाते. बोटाने घासून ते स्वच्छ करायला जाऊ नका.

मोजताना हे पाहा:
- प्रत्येक ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का?
- ग्रॉसमध्ये ए-१ ते ए-१२ लिहिलंय, तर बारा ब्लॉक आहेत का?
- प्रत्येक ब्लॉकची निदान एक रंगवलेली काच आहे का?
- आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं खास रंगाने दाखवणारी तपासणी) झालं असेल तर त्याच्या काचाही मिळाल्या का?
- एखादी काच तडकलेली किंवा वरची झाकणकाच सुटलेली आहे का? असेल तर पावतीवर तसं लिहून घ्या.

मी पूर्वी एका लॅबमध्ये होते, तिथे पावतीवर फक्त "ब्लॉक दिले" एवढंच लिहायची पद्धत होती. एका बाईंचे नऊ ब्लॉक होते. मुंबईहून फोन आला, आठच आहेत. जो नव्हता त्याच्यातच गाठ होती. लॅब म्हणे नऊ दिले, घरचे म्हणत जेवढे दिले तेवढे नेले. शेवटी त्या बाईंचा तुकडा पुन्हा काढावा लागला. त्यांच्या मुलीचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून पावतीवर प्रत्येक ब्लॉकचा क्रमांक लिहून, समोरच्याची सही घेतल्याशिवाय मी एकही ब्लॉक देत नाही. तुमची लॅब लिहीत नसेल तर तुम्ही लिहायला लावा आणि ब्लॉक ओळीत मांडून मोबाइलवर फोटो काढा.

लॅब सगळे ब्लॉक द्यायला तयार नसेल, तर निदान गाठ असलेले महत्त्वाचे ब्लॉक मागा. तेही जमत नसेल तर न रंगवलेल्या काचा मागा, आणि त्या आयएचसीसाठी लागणाऱ्या, चिकट थर दिलेल्या काचांवरच घ्या. साध्या काचेवरचा काप आयएचसी करताना सुटून जातो. किती हव्यात हे जिथे रिव्ह्यू आहे तिथे आधी विचारा, दहा-पंधरा तरी सहसा लागतात.

सावधान: गर्भाशयमुखाचा किंवा क्युरेटिंगचा (गर्भाशयाचं अस्तर खरवडून घेतलेला) तुकडा बाजरीच्या दाण्याएवढाही असू शकतो. ब्लॉक मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) पुन्हा चढवला की तो सपाट करतानाच काही काप वाया जातात. म्हणून आज चार, पुढच्या आठवड्यात सहा असं मागू नका. लागतील तेवढे काप एकाच बैठकीत काढून घ्या.

## टप्पा ५: काचांसोबत जाणारी फाईल

काच पाहणाऱ्याला बाई दिसत नाही. वय माहीत नसेल, पाळी चालू की बंद हे माहीत नसेल, आधी काही उपचार झालेत का हे माहीत नसेल, तर हुशार पॅथॉलॉजिस्टचेही हात बांधले जातात.

फाईलमध्ये पहिल्या रिपोर्टची पूर्ण प्रत ठेवाच. "आधीचं निदान दाखवलं नाही तर दुसरे डॉक्टर खरं मत देतील" असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. आधीचं मत काय आणि शंका कुठे होती हे कळलं की ते नेमकी तीच जागा शोधून पाहतात. त्याशिवाय एमआरआय किंवा सीटीचा रिपोर्ट, सोनोग्राफी, ऑपरेशनची टिपणं, सीए-१२५ सारख्या रक्ततपासण्या, आणि याआधी कधीही घेतलेल्या बायोप्सीचे रिपोर्ट. तीन वर्षांपूर्वी क्युरेटिंग झालं होतं, स्तनाची गाठ काढली होती, आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, यातलं काहीही क्षुल्लक नाही. अंडाशयात सापडलेली गाठ कधीकधी जठरातून किंवा आतड्यातून आलेली असते, आणि जुन्या ऑपरेशनच्या काचा शेजारी ठेवल्यावरच ते कळतं.

केमो किंवा रेडिएशनचा एकही डोस झाला असेल तर तारखेसह ठळक लिहा. उपचारानंतर पेशींचं रूप बदलतं. तेव्हा उपचाराआधीच्या तुकड्याच्या काचा सोबत हव्यातच.

पानाच्या वर डॉक्टरांकडून चार ओळींचा सारांश लिहून घ्या. बाईचं वय, तक्रार, तपासणीत काय दिसलं आणि उपचार काय ठरवलाय.

## टप्पा ६: नेमके प्रश्न लिहून द्या

"रिव्ह्यू करा" एवढंच लिहिलं तर उत्तरही "मान्य" एवढंच येऊ शकतं. ज्या उत्तराने उपचार बदलू शकतो ते प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांसोबत बसून काढा. अवयवाप्रमाणे ते वेगळे असतात.

गर्भाशयमुख. प्रकार कुठला: स्क्वॅमस, अ‍ॅडेनो की न्यूरोएंडोक्राइन? शेवटचा कमी दिसतो, पण त्याची केमोच वेगळी असते. रोग खरंच खाली शिरलाय, की अजून वरच्या थरातच आहे? शिरला असेल तर किती मिमी? फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०१८ च्या वर्गवारीत ३ मिमी आणि ५ मिमी या दोन रेषा आहेत. मूल हवं असलेल्या तरुण बाईचं गर्भाशय वाचू शकेल का, हे या रेषांवर बरंच अवलंबून असतं. चिमट्याने घेतलेल्या छोट्या तुकड्यावर खोली नीट मोजता येत नाही, त्यासाठी कोन (गर्भाशयमुखाचा शंकूसारखा मोठा तुकडा) काढावा लागतो. गाठ ४ सेमी किंवा मोठी असेल तर सहसा ऑपरेशनऐवजी रेडिएशन आणि केमो एकत्र देतात. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांत रोग दिसतो का आणि कडा मोकळ्या आहेत का, हेही विचारा. अ‍ॅडेनो असेल तर आणखी एक प्रश्न: हा गर्भाशयमुखाचा आहे की वरच्या अस्तरातून खाली आलाय? दोन्हींचा मार्ग वेगळा आहे. तुकड्यावर केलेल्या ईआर, पी-१६ आणि एचपीव्हीच्या तपासण्या तो सोडवायला मदत करतात.

गर्भाशयाचं अस्तर. पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं म्हणून केलेल्या क्युरेटिंगमध्ये "अ‍ॅटिपिकल हायपरप्लेसिया" (पेशी बिघडलेल्या, पण अजून कॅन्सर नाही) आलं, की ते खरंच तेवढंच आहे की पहिल्या ग्रेडचा (सगळ्यात सौम्य दिसणारा) कॅन्सर आहे, हा प्रश्न अवघड असतो. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टमध्येही इथे मतभेद होतात. कॅन्सर असेल तर तो एंडोमेट्रिऑइड की सीरस? आयएचसीमध्ये पी-५३ केलंय का? एमएमआरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) चारही प्रथिनं तपासलीत का? त्यातलं एखादं गायब असेल तर लिंच सिंड्रोमची (घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याची) शक्यता तपासावी लागते, आणि मग विषय त्या बाईपुरता राहत नाही, बहिणी-मुलींपर्यंत जातो. मूल हवं म्हणून ऑपरेशन न करता हार्मोनच्या गोळ्यांवर थांबायचं असेल, तर ग्रेडबद्दल रिव्ह्यूशिवाय पुढे जाऊच नका. तो मार्ग अस्तरापुरत्याच मर्यादित, पहिल्या ग्रेडच्या रोगासाठी आहे.

अंडाशय. बॉर्डरलाइन (पेशी बिघडलेल्या, पण आत न शिरलेल्या) की आत शिरलेला कॅन्सर? बॉर्डरलाइनला सहसा केमो लागत नाही. एवढ्या एका शब्दाने सहा सायकल वाचू शकतात. सीरस असेल तर हाय ग्रेड की लो ग्रेड? म्यूसिनस असेल तर तो अंडाशयाचाच की आतडं, अपेंडिक्स, जठर यांच्याकडून आलेला? तिथे सीके-७, सीके-२०, सीडीएक्स-२, पॅक्स-८ या आयएचसी तपासण्यांचा उपयोग होतो. विशी-पंचविशीच्या मुलीत जर्म सेल (बीजपेशींपासून झालेली) गाठ आहे का, हे आधी विचारा. त्या गाठी केमोला छान दाद देतात आणि बहुतेक वेळा गर्भाशय आणि दुसरं अंडाशय वाचवता येतं.

आणि टीबी. पोटात पाणी, सीए-१२५ वाढलेलं, सीटीमध्ये पोटाच्या पडद्यावर गाठी. हे चित्र अंडाशयाच्या कॅन्सरचं असतं तसंच पोटाच्या टीबीचंही असतं, आणि आपल्याकडे टीबी भरपूर आहे. तुकडा किंवा पाण्यातल्या पेशी न पाहता, नुसत्या सीए-१२५ वर कुणी केमो सुरू करत असेल तर "पेशींचा पुरावा कुठे आहे?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पोटातल्या पाण्यावरच निदान केलं असेल तर सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून केलेला मेणाचा ब्लॉक) बनवलाय का ते पाहा, त्यावर आयएचसी करता येतं.

गर्भाशयाचा स्नायू. फायब्रॉइड म्हणून काढलेल्या गाठीत सार्कोमाची (स्नायूच्या कॅन्सरची) शंका आली, तर ती तुकडे करून काढली होती की अख्खी, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. काचेवरून ते कळत नाही.

## टप्पा ७: कुणाकडे पाठवायचं

शहराच्या नावावर जाऊ नका. स्त्रियांच्या कॅन्सरच्या काचा रोज पाहणारा पॅथॉलॉजिस्ट जिथे आहे, आणि जिथे आयएचसीची सोय त्याच लॅबमध्ये आहे, ती जागा योग्य. कोल्हापूर, मिरज किंवा पुण्यातल्या कॅन्सर सेंटरमध्ये असे लोक आहेत का, हे तुमच्या कॅन्सर सर्जनना नक्की माहीत असतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचारासाठी नाव नोंदवलं, तर बाहेरून आणलेले काचा-ब्लॉक तिथला पॅथॉलॉजी विभाग पुन्हा पाहतो. कुठेही जा, निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: रुग्णाने स्वतः यायला हवं का, ब्लॉक लागतात की काचा पुरतात, फी किती आणि रिपोर्ट किती दिवसांत. आयएचसी लागलं तर दिवस वाढतात.

रिपोर्ट अपलोड करून घरबसल्या मिळणारं ऑनलाइन तज्ज्ञमत उपचार ठरवायला उपयोगी आहे, पण तेही आधीच्या रिपोर्टवरच उभं असतं.

## टप्पा ८: बांधाबांध आणि प्रवास

काचा प्लास्टिकच्या स्लाइड मेलरमध्ये किंवा खाचांच्या डबीत. लॅबकडे मागा, देतात. प्रत्येक काच टिश्यूत गुंडाळून वर रबर बँड लावायचं नाही. आवळल्यावर काच तडकते. ब्लॉक वेगळ्या झिपच्या पिशवीत, आणि ती कडक डब्यात. काचा आणि ब्लॉक एकत्र ठेवले की गाडीच्या दणक्यांनी ब्लॉक काचांवर आपटतात.

राधानगरीकडच्या एका घरातले लोक परत आले होते. काचा नुसत्या कागदी पाकिटात, पाकीट कापडी पिशवीत, वर जेवणाचा डबा. सहापैकी चार काचा फुटल्या होत्या. ब्लॉक लॅबमध्येच होते म्हणून दोन दिवसांत नव्या काढून देता आल्या, पण मुंबईची फेरी वाया गेली आणि नंबरही गेला.

मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक मऊ पडू शकतो. फ्रीज किंवा बर्फाची गरज नाही, सावली पुरते. मुंबईला जायचं असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस यासाठीही बरी. डबा हातातल्या बॅगेत ठेवा, सीटखालच्या सामानात नको. कुरिअरनेच पाठवायचं असेल तर कडक खोक्यात, ट्रॅकिंग नंबरसह, आणि सगळे ब्लॉक एकाच खेपेत कधीच नाही.

निघण्याआधी: पावती, फोटो, फाईल, ओळखपत्रं, प्रश्नांचा कागद. रिपोर्टच्या दोन झेरॉक्स घरी.

## टप्पा ९: दोन रिपोर्ट समोर आल्यावर

दोन्ही जुळले तर धरून ठेवलेल्या तारखेला उपचार सुरू.

फरक असेल तर दोन प्रकार करा. शब्दांचा फरक असतो, जसं एकाने ग्रेड दोन लिहिलं आणि दुसऱ्याने "मॉडरेटली डिफरन्शिएटेड". उपचाराला त्याने काही फरक पडत नाही. दुसरा असतो निर्णयाचा फरक: कॅन्सर आहे की नाही, कुठल्या अवयवाचा, कुठला प्रकार, किती खोल. अशा वेळी मोठ्या हॉस्पिटलचा रिपोर्ट आपोआप खरा धरू नका, आणि तिसऱ्याकडे जाऊन बहुमतही घेऊ नका. दोन्ही पॅथॉलॉजिस्टना एकमेकांशी बोलायला सांगा. कधी दुसऱ्यांना मिळालेल्या काचेत ती जागाच नसते, कधी पहिल्यांनी न केलेली आयएचसी दुसऱ्यांनी केलेली असते. फरकाचं कारण लेखी आलं की दोन्ही रिपोर्ट ट्यूमर बोर्डासमोर ठेवायला सांगा, जिथे सर्जन, रेडिएशन, केमो आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर एकत्र बसतात.

"नमुना अपुरा" असं उत्तर आलं तर ती रिव्ह्यूची चूक समजू नका. तुकडा फॉर्मालिनऐवजी सलाइनमध्ये पाठवला गेला, किंवा पिशवी न उघडताच बरणीत टाकली आणि फॉर्मालिन आतपर्यंत पोचलंच नाही, तर पेशी खराब होतात आणि कुणालाच काही दिसत नाही. तिथे शक्य असेल तर पुन्हा तुकडा घेणं हाच मार्ग.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील आणि निदान बदललं, तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू व्हायच्या आधी दोन्ही रिपोर्ट दाखवा. मंजुरी पहिल्या निदानावर घेतलेली असते. प्रकार किंवा उपचार बदलला तर ती नव्याने घ्यावी लागू शकते, आणि मध्येच अडकलं की बाईच्या सायकली लांबतात.

एक विनंती. हे सगळं ज्या बाईसाठी चाललंय, तिला काय चाललंय ते सांगा. खिडकीशी पाच नातेवाईक असतात आणि ती रिक्षात बसलेली असते. अर्जावर सही तिची आहे, आणि गर्भाशय ठेवायचं की नाही याचं उत्तरही तिलाच द्यायचं आहे.

## टप्पा १०: ब्लॉक परत आणा

रिव्ह्यू झाला की ब्लॉक परत मागा. तिथेच उपचार चालू राहणार असतील तर ते ठेवून घेतील, मग त्यांची पोच घ्या. परत मिळाले तर पुन्हा तीच मोजणी करा, पावतीवरचे क्रमांक लावून, आणि ते मूळ लॅबमध्ये जमा करून पोच घ्या. लॅब घेत नसेल तर घरी, उंदीर-मुंग्या लागणार नाहीत अशा घट्ट डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. चुलीजवळ नको, खिडकीतल्या उन्हात नको. डब्यावर नाव, नमुना क्रमांक आणि ब्लॉकची संख्या लिहा. दोन वर्षांनी रोग परत आला किंवा बीआरसीए या जनुकांची तपासणी करायची ठरली, तर डॉक्टर पहिल्यांदा याच डब्याबद्दल विचारतील.